ठमाबाईचा जपून ठेवलेला हात

माघातली सकाळ होती. स्वयंपाकघरात पाट टाकून मी लाखोरीची भाजी खुडत बसले होते. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती आणि आमचे हे नेहमीप्रमाणे गाडीची चावी शोधत घरभर फिरत होते. चावी फ्रिजवर होती. रोज तिथंच असते. सांगावं की अजून थोडं फिरू द्यावं, असा विचार चालला होता तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप, म्हणजे लाइट गेलेली.

दारात पंचविशीची एक मुलगी उभी होती. पाठीवर बॅग, गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र, ओढणीवर बसची धूळ.

"ठमाबाई कोडापे इथंच राहतात ना?"

"त्या नाही राहत, त्यांचा फोन तेवढा राहतो," हे मागून म्हणाले, आणि चावी सापडल्याच्या आनंदात निघूनही गेले.

मुलीचं नाव पुनम. चंद्रपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती, आखडलेल्या सांध्यांकडून व्यायाम करून घेणारी. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांचा एक अभ्यास चालू होता. साठीच्या पुढच्या माणसाचं मनगट मोडलं तर नुसतं प्लास्टर घालावं, की ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवावी? वर्षभरानं कोणाचा हात जास्त कामाचा राहतो? ठमाबाई त्या अभ्यासातली एक. तिची तीन महिन्यांची तपासणी चुकली होती, आता सहा महिन्यांचीही चुकायला आली, म्हणून पुनम स्वतःच सावली गावाची बस धरून आली होती.

"आम्ही फोन केले होते काकू. तुम्हीच उचलायच्या."

"आणि मी जाऊन निरोप द्यायचे. ती म्हणायची, हो, जाईन."

"मग आल्या का नाहीत?"

ते मलाही सांगता येईना. ठमाबाई शब्द देऊन न पाळणारी बाई नव्हे. मी कुकर बंद केला, भाजीवर ताट झाकलं आणि चपला घातल्या.

वाटेत मी पुनमला ठमाबाईबद्दल सांगत गेले. तिचं माहेर वैनगंगेपलीकडं, धानोऱ्याच्याही पुढं, जंगलातल्या गावात. मोह वेचत, तेंदूची पानं तोडत ती मोठी झाली. लग्न होऊन नदी ओलांडली तेव्हा धानाची बांधी, म्हणजे पाणी धरून ठेवणारं भाताचं शेत, तिनं जवळून पाहिलेलीही नव्हती. ती अजून सांगते, "माह्या बापानं मले चिखलाच्या देशात आणून टाकलं. तिकडं वर झाडाकडं पाहून चालत होतो, इथी पायाकडं पाहून चाला लागते." त्या चिखलातच तिनं असं नाव काढलं की आसपासच्या गावांतून रोवणीसाठी आधी तिच्या गँगला बोलावणं यायचं.

रोवणीत बाया बांधीत ओळीनं उभ्या राहतात आणि वाकून, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, चिखलात खोचत मागं मागं सरकतात. आमच्याकडं धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून जी बाई उभी राहते तिची ओळ पाहून बाकीच्या चालतात. वेग तिचा, गाणंही आधी तिनं उचलायचं. नवरा गेला, मुलगा मोठा झाला, सून आली, पण ती धुऱ्याकडची जागा ठमाबाईची ती ठमाबाईचीच. गेल्या आषाढात रोवणी ऐन रंगात असताना पऱ्ह्यांची पेंढी घेऊन ती धुऱ्यावरून घसरली आणि उजव्या तळव्यावर पडली. मनगट तिथंच सुजलं. मीच तिला गाडीनं चंद्रपूरला नेलं होतं. तिच्याकडं फोन नाही, म्हणून दवाखान्यात नंबर माझा लिहिला गेला.

ठमाबाई अंगणात खाटेवर बसली होती. उजवा हात मऊ जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेला, तान्ह्या लेकरासारखा. डाव्या हातानं ती कोंबड्यांना कणी टाकत होती.

"या बाई. ही पोट्टी कोनाची?"

"दवाखान्यातून आली. तुमचा हात पाहायला."

ठमाबाईचा चेहरा एकदम उजळला. "आला माहा नंबर? दिव्यानी, चहा ठेव वं! गुडाचा ठेव."

सून दिव्यानी घरातून बाहेर आली, कपाळाला पीठ लागलेलं. "ठेवते. पन ताई, आधी या हाताचं काहीतरी करा. आमच्या घरी देवाले एवढं नाई जपत. रोज तेल, रोज फडकं. लोट्याभर पानी नाई उचलत हा हात."

"तू चूप बस. तुले काय समजते?"

पुनमनं फडकं सोडलं. मनगटावर हाड जरा वर आलेलं दिसत होतं, बाकी सूज नव्हती की लाली नव्हती. तिनं दाबून पाहिलं, ठमाबाईनं हूं की चूं केलं नाही. मग मूठ वळायला सांगितलं. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. तळवा वर करायला सांगितलं तर सगळं अंगच तिकडं वळलं. पुनमनं प्लास्टिकच्या कोनमापकानं ते मोजून घेतलं आणि ठरलेले प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"आजी, दाराची मूठ फिरवता येते का?"

"आमच्या दाराले कडी हाय."

"बरं, कडी काढता येते?"

"करून नाई पाह्यलं."

"सुरीनं भाजी चिरता येते?"

"विळ्यावर चिरतो आमी. पन तेबी करून नाई पाह्यलं."

"पोलक्याची बटणं?"

"दिव्यानी लावते."

"खुर्चीवरून उठताना हाताचा जोर देता येतो?"

ठमाबाईनं अंगणभर नजर फिरवली. "खुर्ची एकच हाय, तिच्यावर पोरगा बसते. करून नाई पाह्यलं."

पुनमनं पेन खाली ठेवलं. "आजी, सहा महिन्यांत या हातानं काहीच करून नाही पाहिलं? दुखतो का खूप?"

"दुखत नाई."

"मग वापरत का नाही?"

"जपून ठेवला हाय ना." पोरीला एवढं साधं कसं कळत नाही, अशा आवाजात ठमाबाई म्हणाली. "कामाले लावला अना अजून वाकडा झाला, मंग पट्टी कशी बसन?"

"कोणती पट्टी?"

"आतमंदी बसवतात ते. माहा नंबर लागला म्हंजे."

पुनम माझ्याकडं पाहायला लागली, मी ठमाबाईकडं. आणि मग मला चंद्रपूरच्या दवाखान्यातला तो दिवस आठवला. डॉक्टरांनी आम्हाला बसवून सगळं नीट सांगितलं होतं. दोन्ही उपचार चालतात, कोणता जास्त चांगला ते अजून ठरायचं आहे, म्हणून कोणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवत नाहीत, पेशंटही ठरवत नाही. बंद लिफाफ्यातली चिठ्ठी ठरवते. ठमाबाईनं मान हलवली होती आणि अभिमानानं म्हणाली होती, "चिठ्ठी मले माहीत हाय." लिफाफ्यात प्लास्टर निघालं. ती शांतपणे हात पुढं करून बसली.

चिठ्ठी तिला माहीत होतीच. आमच्या मोहल्ल्यात बायांची भांड्यांची भिशी आहे, ठमाबाई तिच्यात पहिल्यापासून. दर महिन्याला सगळ्या मिळून एक भांडं घ्यायचं, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघालं तिचं भांडं. पुढच्या महिन्यात उरलेल्या नावांची चिठ्ठी. फिरत फिरत नंबर सगळ्यांचा लागतो, कोणाचा आधी, कोणाचा शेवटी. आणि आपलं नाव निघायच्या आधी भांडं मागायला कोणी जात नाही. ते बरं दिसत नाही.

"म्हणून तुम्ही दवाखान्यात गेला नाहीत?" मी विचारलं.

"मांगाले गेल्यासारखं नाई का दिसत? ज्याले आधी भेटली त्याले भेटली. माहं नाव निंघालं की बोलावतीन, असं मनलं म्या."

दिव्यानी चहाचे कप घेऊन तशीच उभी राहिली. तिला हसू आलं होतं, पण सासूकडं पाहून तिनं ते गिळलं.

पुनम खाटेच्या कडेला बसली. "आजी, ही चिठ्ठी भिशीसारखी नाही. इथं नाव एकदाच निघतं. तुमच्या नावावर प्लास्टर निघालं, तेच तुमचं पूर्ण औषध. पट्टी नाही बसवायची."

"कवाच नाई?"

"कधीच नाही. गरजच नाही, हाड जुळलेलं आहे. दुसऱ्या ठिकाणी असे अभ्यास झालेत. तुमच्या वयाच्या लोकांत वर्षभरानं प्लास्टरवाल्यांचा हात आणि पट्टीवाल्यांचा हात जवळजवळ सारखाच निघाला. फोटोत प्लास्टरचं हाड थोडं वाकडं दिसतं, पण काम करतं. फक्त त्याला कामाला लावावं लागतं."

ठमाबाईनं डाव्या हातानं उजव्याची बोटं उघडून पाहिली. कोंबड्या खाटेखाली आल्या तरी तिनं हाकललं नाही.

"प्लास्टर काढलं तवा त्या डाक्टरनं बी मनलं होतं, व्यायाम करा. मले वाटलं, ते ज्यायची पट्टी बसली त्यायच्यासाठी." मग ती हळू बोलली. "मंग माही जागा गेली का?"

पुनमला हे समजलं नाही. मी सांगितलं. मृग लागायच्या आधी गँगच्या बाया एकत्र बसतात आणि यंदा कोण येणार, कुठं उभी राहणार ते ठरवतात. ठमाबाई पडल्यापासून धुऱ्याकडच्या जागेवर वच्छला उभी राहत होती. वच्छला हाताची चलाख, तोंडाचीही. ठमाबाईचा हात आता कपाटात ठेवायच्या भांड्यांतला झाला, असं तिनं नळावर चार बायांत म्हटलं होतं, आणि ते खाटेपर्यंत पोचलंही होतं.

"आजी, पहिल्यासारखा होईल असं मी नाही म्हणत," पुनम म्हणाली. "पण हा हात मोडलेला नाही, आखडलेला आहे. मृगाला चार महिने आहेत."

आधी ती अंगणाच्या कोपऱ्यात गेली आणि तिथूनच तिनं आपल्या डॉक्टरांना फोन लावला. चिठ्ठीत प्लास्टर निघालेल्या बाकी सगळ्यांना उद्याच विचारा, कोणी दुसऱ्या चिठ्ठीची वाट पाहत बसलंय का, असं ती सांगत होती. मग येऊन तिनं व्यायाम दाखवले. कोमट पाण्यात हात ठेवून बोटं उघडायची, मिटायची. कणकेचा गोळा दाबायचा. भाताचा कलथा मुठीत उभा धरून एकदा इकडं पाडायचा, एकदा तिकडं.

"कलथा फिरवाचा, पन भात नाई?" ठमाबाईनं विचारलं.

"भातही फिरवा," दिव्यानी म्हणाली. "माहं काम हलकं होईन."

चार दिवसांनी ठमाबाई मार्कंड्याच्या जत्रेला गेली. दरवर्षी जाते. परत आल्यावर माझ्याकडं प्रसाद घेऊन आली तेव्हा पुडी उजव्या हातात होती. ती पकडताना ओठ घट्ट मिटलेले होते. मी पुडी घ्यायला हात पुढं केला तर म्हणाली, "थांबा बाई. मीच ठेवतो." देवासमोर जाऊन तिनं ती स्वतः ठेवली. मग पायरीवर बसून घाम पुसला आणि माझ्या हातचा चहा दोनदा मागून प्यायली.

पुनमचा फोन दर आठवड्याला यायचा. तो माझ्याच फोनवर, त्यामुळे त्या दिवशी ठमाबाई दुपारपासून आमच्याकडं. भाजी निवडायला बसायची आणि उजव्या हातानंच निवडायची. माझ्या अर्ध्या कामाला व्यायामाचं नाव पडलं. ह्यांनी एकदा तिला नारळ फोडायला दिला, तेव्हा मात्र मी ह्यांच्याकडं असं पाहिलं की नारळ त्यांनी स्वतःच फोडला.

मोह गळायला लागला तशी ठमाबाई पहाटे टोपली घेऊन निघू लागली. इतकी वर्षं धानाच्या मुलखात काढली, पण मोह म्हटलं की ती माहेरची होते. झाडाखाली आधी हात जोडते, मग वेचायला बसते. पहिल्या दिवशी तिनं डाव्या हातानं वेचलं आणि उजव्यात ठेवत गेली. काही दिवसांनी उजवी बोटंच फुलं उचलायला लागली. पुनमला फोनवर आकडे हवे असायचे, ठमाबाईकडं तिची मापं होती.

"आजी, मूठ किती वळते आता?"

"काल मुठीतून फुलं सांडत होते. आज नाई सांडले."

पलीकडं पुनम हसली आणि म्हणाली, "लिहून घेतलं."

तेंदूच्या पानांच्या वेळी मात्र हिनं घात केला. बरं वाटतंय म्हणून दोन दिवस पानांचे पुडे बांधत बसली, दोरी ओढून ओढून गाठी मारल्या. तिसऱ्या दिवशी मनगट टम्म. सकाळीच माझ्या दारात, हात पुन्हा त्याच फडक्यात.

"गेला बाई. वच्छलीच्या मनासारखं झालं."

मी पुनमला व्हिडिओ कॉल लावला. तिनं हात वळवून, फिरवून दाखवायला लावला, नीट पाहिलं आणि म्हणाली, "आजी, हा थकलाय. दोन दिवस विसावा द्या, तिसऱ्या दिवशी परत कलथ्यापासून सुरू करा. आणि फडकं मला परत दिसायला नको."

"मंग कुठी ठेवू?"

"पुसायला घ्या."

दिव्यानीनं त्याच दिवशी त्या फडक्यानं चूल पुसली.

मृगाच्या आधी बाया मारुतीच्या पारावर बसल्या. मी गेले होते ती भिशीचं निमित्त काढून, खरं तर पाहायलाच. वच्छला म्हणाली, "हात दाखव वं, ठमाबाई."

ठमाबाईनं हात पुढं केला.

"वाकडाच हाय तं."

"वाकडा हाय. तुहं तोंड बी वाकडं हाय, त्यानं तू बोलतच हायस ना?"

बाया खदखदल्या. वच्छलाही हसली, पण सोडायची नव्हती. पाराजवळच्या नळावर कोणाचं तरी भिजवलेलं लुगडं बादलीत पडलं होतं. "पिळून दाखव," ती म्हणाली. ठमाबाईनं लुगड्याचं एक टोक नळाच्या पाइपाला अडकवलं, दुसरं दोन्ही हातांत धरलं आणि पिळायला लागली. कपाळावर शीर उभी राहिली. पाणी आधी थेंब थेंब गळलं, मग धार लागली. दुखत असणार हे सगळ्यांना दिसत होतं. ते विचारायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"जागा घे," वच्छला म्हणाली. "पन पयल्या दिवशी मागं राह्यलीस, का दुपारच्या आधी बांधीतून वर आलीस, तं मी उभी राहीन. मंग रुसाचं नाई."

"नाई रुसत."

यंदा पाऊस रेंगाळला. पऱ्हे पिवळे पडायला लागले तेव्हा कुठं चिखलणी झाली आणि रोवणीचा पहिला दिवस उजाडला. नेमकी त्याच सकाळी पुनम वर्षाची तपासणी करायला आली. ठमाबाई घरी नसणार हे ठाऊक होतं, म्हणून आम्ही दोघी थेट बांधीवर गेलो.

बाया कमरेतून वाकलेल्या, डोक्यावर प्लास्टिकच्या घोंगत्या. दुपार व्हायची होती, तरी अर्धी बांधी हिरवी झाली होती. धुऱ्याला लागून ठमाबाई. डाव्या हातात पेंढी, आणि उजवा हात चिखलात जात होता, वर येत होता, पुन्हा जात होता. पूर्वीचा झपाटा नव्हता. मधेच ती मनगट मांडीवर टेकवायची, पण ओळ तुटू देत नव्हती. शेजारच्या ओळीत वच्छला. तिला पुढं निघता आलं असतं, पण ती ठमाबाईच्या जोडीनं चालली होती आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून गाणं जरा जास्तच मोठ्यानं म्हणत होती.

पुनमनं धुऱ्यावर उकिडवी बसून बॅगेतून कोनमापक काढलं. "आजी, दहा मिनिटं वर येता का? मूठ आणि मनगट मोजते, तेच प्रश्न परत विचारते, की झालं. आजच्याच तारखेला लिहायचं आहे."

वच्छलाचं गाणं थांबलं. ओळीतल्या सगळ्या बायांनी माना वर केल्या.

ठमाबाई सरळ झाली. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर चिखल, नाकाच्या शेंड्यावरही. तिनं एकदा वच्छलाकडं पाहिलं आणि मग पुनमकडं वळून म्हणाली, "पोरी, मोजणं संध्याकाळी कर. आता मले माह्या जागेवर राहू दे."